डाग लावणारी

"अहो, रिमोट आपटून टीव्ही लागत नसतो," सुनंदाने स्वयंपाकघरातूनच सांगितलं.

नंदकुमार परब ऐकत नव्हते. त्यांनी रिमोट तळहातावर तीनदा आपटला, सेल काढले, शर्टाला पुसले, पुन्हा घातले आणि टीव्हीवर नेम धरून बटण दाबलं. टीव्ही ढिम्म. चार दिवस हेच चाललं होतं. सकाळी चहा झाला की हा प्रयोग, दुपारी जेवण झालं की पुन्हा, आणि संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला तर दोनदा. तीस वर्षं विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअर्सला काढलेला माणूस. यंत्र बंद पडलं की त्यांना दोनच उपाय माहीत होते, एक म्हणजे आपटणं आणि दुसरा म्हणजे चिठ्ठी लिहून वर पाठवणं. नाहूरच्या या दोन खोल्यांत वर चिठ्ठी पाठवायची कुणाकडे?

"पप्पा, सोडा ना आता," मिहिर बूट घालता घालता म्हणाला. "नवीन येतोय आज. चार ते सहाच्या मध्ये येतील. जुना तेच घेऊन जाणार, एक्सचेंजमध्ये टाकलाय. तुम्ही दोघं फक्त घरी राहा."

"अरे, पण याला झालंय काय ते तरी कळू दे."

"मेकॅनिक सांगून गेला ना, पॅनल गेलं. पॅनल गेलं म्हणजे टीव्ही गेला. सात वर्षं चालला यार, बस्स झालं."

सुनंदा त्याचा डबा घेऊन बाहेर आली. डबा तिने लगेच त्याच्या हातात दिला नाही.

"त्या मेकॅनिकने मागचं झाकण उघडलंसुद्धा नाही," ती म्हणाली.

"आई, त्यांना अनुभव असतो. नुसतं बघून कळतं त्यांना."

"मघाशी धूळ पुसताना मी तो एका बाजूने जरा उचलला, तर लाल दिवा लागला. खाली ठेवला, तर गेला. पॅनल गेलं असतं तर असं झालं नसतं. आत कुठेतरी ड्राय आहे."

"काय आहे?"

"ड्राय सोल्डर."

मिहिर एक पाय बुटात आणि एक बाहेर असा थांबला, आणि मग हसला. वाईट नव्हतं त्याचं हसणं, मुलगा गुणी आहे. तिशी ओलांडलेल्या आयटीतल्या मुलांना आई टीव्हीबद्दल बोलायला लागली की जसं हसू येतं, तसं ते आलं.

"तू पॅकिंगला होतीस ना गं कंपनीत? खोक्यावर छापलेलं असायचं का हे सगळं?" त्याने डबा तिच्या हातातून घेतला. "हात लावू नका हां त्याला. उगाच शॉक बसेल. चल, निघतो."

दार लागलं. नंदकुमारांनी रिमोट पुन्हा उचलला आणि सुनंदाकडे बघून हळूच खाली ठेवला.

सुनंदा पॅकिंगला कधीच नव्हती.

हे सांगायचं तर जरा मागे जावं लागतं. अंधेरीच्या एमआयडीसीत तेव्हा टीव्हीचा एक कारखाना होता. एकोणिसाव्या वर्षी सुनंदा तिथे लागली, आणि सहा महिन्यांत तिला लाइनवरून उचलून टच-अपच्या टेबलावर बसवलं. लाइनवरच्या मुली बोर्डाच्या भोकांत पार्टचे तारेचे पाय बसवायच्या. मग तो बोर्ड वितळलेल्या धातूच्या हौदावरून जायचा आणि सगळे पार्ट एका दमात चिकटून यायचे. पण एका दमात झालेलं काम सगळं कुठलं धड असायला? कुठे धातू कमी लागायचा, कुठे दोन टाके एकमेकांना चिकटायचे, आणि कुठे वरून अगदी लखलखीत दिसायचं पण आत पकड नसायची. त्याला म्हणायचे ड्राय. टच-अपच्या टेबलावर चार मुली. समोर भिंगाचा दिवा, उजव्या हातात तापल्या टोकाचं सोल्डरिंग आयर्न. बोर्ड बघायचा, आजारी टाका शोधायचा, तापवून नवा घालायचा. बाहेरचे पाहुणे कारखाना बघायला आले की साहेब त्यांना थेट सुनंदाच्या टेबलाशी आणायचे आणि म्हणायचे, हिच्या हाताखालून गेलेला बोर्ड परत येत नाही.

मग स्थळं बघायला लागले. भांडुपला मामाच्या घरी परब मंडळी आली. पोह्यांच्या बशा फिरल्या आणि होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, "कंपनीत काय करतंस गो?"

आता सोल्डरिंग म्हटलं तर या बाईंना काय कळणार, असं सुनंदाला वाटलं. तिने मनातल्या मनात घरचा शब्द शोधला. गळक्या बादलीला, फुटक्या घागरीला बाजारातला माणूस डाग लावून देतो, तेच तर काम. ती म्हणाली, "टीव्हीला डाग लावते."

सासूबाईंच्या हातातला चमचा थांबला. "टीव्हीक डाग लावतंस? मगे तो पुसता कोण?"

घर हसून लोटपोट झालं. मामी तर पदर तोंडात कोंबून आत पळाली. सुनंदाही हसली, दुसरं काय करणार? नंदकुमार बशीतल्या पोह्यांकडे बघत हसत राहिले. लग्न ठरलं ते त्या हसण्यातच ठरलं म्हणा ना.

पुढे सासूबाईंनीच तिची बाजू सांभाळली. मनाने फार चांगली बाई. हळदीकुंकवाला कुणी विचारलं की सुनेला उत्तर द्यायची वेळच येऊ द्यायची नाही. "पॅकिंगक आसा आमची सून, टीव्हीच्या कंपनीत." पॅकिंग सगळ्यांना कळायचं. स्वच्छ काम, बसून काम, बायकांचं काम. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सुनंदाने तोंड उघडलं होतं. पण वाणाचं ताट हातात घेऊन धातूचा हौद कुठे समजावत बसायचं? नंदकुमार शेजारी असले तर तेही काही बोलत नसत. असं करत करत ती घरादारात, नातेवाइकांत, मिहिरच्या शाळेच्या फॉर्मावर पॅकिंगवाली झाली. मिहिर शाळेत जायला लागला त्याच सुमाराला एका सोमवारी कारखान्याच्या गेटवर नोटीस लागली, आणि त्यानंतर ती नुसतीच घरी असायची.

टेबलाची आठवण मात्र तिला यायची. माहेरची येत नसे इतकी यायची. दुपारी तांदूळ निवडताना खडा दिसला की बोटं आपोआप आयर्न धरल्यासारखी व्हायची. असं काही कुणाला सांगितलं तर लोक वेड्यात काढतील, म्हणून तिने ते सांगितलं नाही. कारखाना बंद होऊन सत्तावीस वर्षं झाली, आणि आज सकाळी ड्राय हा शब्द तिच्या तोंडून असा निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं.

टीव्ही चार वाजता जाणार होता. घड्याळात दहा वाजून गेले होते. सुनंदाने गॅस बंद केला, साडी बदलली आणि पर्स काखेत मारली.

"कुठे निघालीस?"

"आयर्न आणायला."

"आयर्न?" नंदकुमार बुचकळ्यात पडले. "आहे की आपल्याकडे इस्त्री. कपाटावर ठेवलीय बघ."

"ती नव्हे," सुनंदा म्हणाली. "टीव्हीचा प्लग काढून ठेवा. आणि प्लीज, आपटू नका त्याला आता."

रिक्षाने ती विक्रोळीला कन्नमवार नगरात उतरली. जानकी पाटकर अजून तिथेच राहते हे तिला माहीत होतं. जानकी म्हणजे टच-अपच्या टेबलावर तिच्या डाव्या हाताला बसणारी. तेरा वर्षं कोपराला कोपर लावून बसल्या दोघी, आणि नंतर काय झालं? काही झालं नाही. भांडण नाही, रुसवा नाही. नाहूर ते विक्रोळी अंतर ते केवढं, पण रोज उद्या उद्या म्हणत माणसं दूर जातात. शेवटची भेट जानकीच्या नवऱ्याच्या तेराव्याला, त्यालाही सहा वर्षं झाली.

दार उघडंच होतं. आत पलंगाला टेकून जानकी खाली बसली होती, पाय लांब केलेले, गुडघ्यांना पट्टे, समोर पाट. पाटावर कंदिलात घालायच्या बारीक दिव्यांच्या माळा आणि हातात आयर्न. दिव्याला वायर जोडायची आणि टोपलीत टाकायची, असं तिचं चाललं होतं. घरबसल्या मिळणारं काम. तिने मान वर केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा नाकावर घेतला.

"कोण, सुनंदा? ये. वाट चुकलीस?"

"नाही गं. आयर्न पाहिजे होतं तुझं. आजच्या दिवस."

"इतक्या वर्षांनी आलीस ती आयर्न मागायला?"

"हो."

"निदान खोटं तरी बोल. म्हण, जानके, तुझी आठवण आली."

"आठवण रोजच येते," सुनंदा म्हणाली. "आयर्न आज लागलं."

जानकीने हातातला दिवा टोपलीत टाकला. मग तिने पाट थोडा सरकवला आणि शेजारची जागा हाताने झाडली. "बस. काय झालं ते नीट सांग."

सुनंदाने सांगितलं. उचललं की लागणारा लाल दिवा, झाकण न उघडणारा मेकॅनिक, चार वाजता येणारी माणसं. जानकी ऐकता ऐकता दोन दिवे जोडूनही मोकळी झाली.

"पॉवरच्या बोर्डावर बघ," ती म्हणाली. "वजनदार पार्ट असेल त्याचाच पाय सुटलेला असणार. तापतो, थंड होतो, तापतो, थंड होतो, सात वर्षांत हलणारच तो. पण हात चालतो का तुझा अजून? दाखव बघू."

तिने आयर्न सुनंदाच्या हातात दिलं. सुनंदाने एक दिवा घेतला, वायर धरली, टोक टेकवलं. धातू वितळला आणि एकीकडे गोळा होऊन बसला.

"गोळा झाला," जानकी म्हणाली. "आपल्या सुपरवायझर बाईंनी हा बघितला असता तर तुला दुपारपर्यंत उभी ठेवली असती."

दुसराही बिघडला. सुनंदाला स्वतःचीच लाज वाटत होती. साठीच्या दाराशी आलेली बाई, काय हे खूळ घेऊन बसलोय आपण, उठावं आणि घरी जावं, असं तिला वाटायला लागलं.

"अगं, सोल्डर आयर्नला काय चारतेस?" जानकी खेकसली. "आधी पाय तापव, मग पायाला सोल्डर दे. हे तूच शिकवलंस ना मला पहिल्या दिवशी. घाई कसली झालीय?"

तिसरा टाका बसला. लहानसा, चकचकीत, चारी बाजूंनी उतरता. जानकीने तो उजेडात धरून बघितला आणि टोपलीत टाकला. सुनंदाने चौथा घेतला, मग पाचवा. हात बसला होता. बारा दिवे झाले तरी ती थांबेना, आणि जानकीनेही थांबवलं नाही. दोघी तशाच कोपराला कोपर लावून बसल्या होत्या. हे असंच चालू राहावं, चार वाजूच नयेत, असं सुनंदाला फार वाटलं.

"पोरगा काय म्हणाला?" जानकीने विचारलं. "आई करतेय म्हटल्यावर?"

"त्याला माहीत नाही. त्याला वाटतं मी पॅकिंगला होते."

जानकीचा हात थांबला. "पॅकिंगला? तू? पॅकिंगच्या मुली आपल्या टेबलाजवळून जाताना आवाज खाली करायच्या, आणि तुझ्या पोराला वाटतं तू पॅकिंगला होतीस? सांगितलं नाहीस कधी?"

"कुणी विचारलं नाही."

"विचारायला काय जनगणनेची माणसं यायला पाहिजेत घरी? मी तर अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय. ऐकायचं नसतं त्यांना, तरी सांगते."

सुनंदाने पुढचा दिवा उचलला. मग म्हणाली, "आज टीव्ही लागला तर सांगेन. नुसतं तोंडाने सांगितलं तर तो पुन्हा हसेल गं. लागला तर मात्र सांगेन."

जानकीने आयर्नची वायर गुंडाळली, सोल्डरचं रीळ त्याला बांधलं आणि सगळं एका पिशवीत घातलं. तिचं स्वतःचं काम त्यामुळे अडणार होतं, हे पाटावरच्या माळांकडे बघून कुणालाही कळलं असतं. सुनंदाने तसं म्हटलं तर ती म्हणाली, "अडू दे एक दिवस. परत द्यायला येशील ना, तेव्हा जेवायलाच ये."

घरी पोचायला दीड वाजला. नंदकुमारांनी प्लग काढून ठेवला होता आणि जेवायची पानंही घेऊन ठेवली होती. सुनंदा म्हणाली, मागाहून जेवू. तिने पलंगावर गोधडी अंथरली, दोघांनी मिळून टीव्ही त्यावर पालथा घातला, आणि ती स्क्रू काढायला लागली. चौदा स्क्रू निघाले. ते तिने आमटीच्या वाटीत ठेवले.

"शॉक बिक?" नंदकुमारांनी विचारलं.

"प्लग सकाळपासून काढलेला आहे. तुम्ही मोबाइलची बॅटरी लावा आणि इथे धरा. हलवू नका."

झाकण उचललं आणि सुनंदा वाकून आत बघायला लागली. तिच्या वेळचे टीव्ही पोटभर भरलेले असायचे. इथे दोन-तीन लहान बोर्ड आणि बाकी सगळी मोकळी जागा.

"एवढंच असतं आत?" नंदकुमार म्हणाले.

एका बोर्डावरचे पार्ट तर इतके बारीक की मोहरीचे दाणे मोठे वाटावेत. त्याच्या वाटेला ती गेलीच नाही. पण दुसरा बोर्ड पॉवरचा होता, आणि त्याच्यावरचे पार्ट जाडजूड, तिच्या ओळखीचे होते. तिने तो सोडवून उलटा केला, नंदकुमारांचं पंचांग बघायचं भिंग मागून घेतलं आणि डावीकडून उजवीकडे, ओळीने, एकेक टाका बघायला सुरुवात केली. एक ओळ झाली, दुसरी झाली. नंदकुमारांचा हात अवघडला म्हणून त्यांनी तो बदलला, आणि ती त्यांच्यावर ओरडली. इतक्या वर्षांच्या संसारात ती त्यांच्यावर अशी कधी ओरडली नव्हती. नंदकुमारांनी मुकाट्याने बॅटरी होती तिथे आणली.

पाचव्या ओळीत, ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी ती थांबली. टाक्यात पायाभोवती केसाएवढी बारीक गोल रेघ होती.

"सापडला," ती म्हणाली.

नंदकुमारांनी भिंग घेतलं आणि बराच वेळ डोळे बारीक करून बघितलं. "मला तर काही दिसत नाही."

"दिसत नाही म्हणून तर ड्राय म्हणतात."

आयर्न तापलं. तिने जुना टाका वितळवला, पाय नीट तापू दिला, मनात चार अंक मोजले आणि सोल्डर दिलं. सोल्डरमधल्या राळेचा पांढरा धूर वर आला आणि त्याच्याबरोबर तो वास. सकाळी आठची शिफ्ट, मुलींच्या केसांतले गजरे, डब्यातलं सुकट आणि त्या सगळ्यावर पसरलेला हाच वास. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने नव्हे, धुराची तिला सवय होती. बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी तिला आठवली, जिच्याकडे साहेब पाहुणे घेऊन यायचे, आणि त्या मुलीसाठी तिचा जीव तुटला. टाका निवेपर्यंत ती बोर्डावर हलकी फुंकर घालत राहिली. मग शेजारचे तीन टाकेही तिने नवे करून टाकले, कारण एक सुटला की शेजारचे फार दिवस टिकत नाहीत.

झाकण लावून टीव्ही पुन्हा टेबलावर उभा केला तेव्हा साडेतीन झाले होते. प्लग लावला. लाल दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. नंदकुमारांनी रिमोट उचलला आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो तिच्या हातात दिला.

आधी आवाज आला, मागाहून चित्र. कुठल्याशा चॅनलवर एक बाई भेंडी चिरत होती. सुनंदा आणि नंदकुमार उभ्या उभ्याच ती भेंडी बघत राहिले. पुढे ती कढईत पडली, तिच्यावर कोकमं पडली, तरी दोघांपैकी कुणी खाली बसलं नाही.

"टच-अप म्हणजे हे?" नंदकुमारांनी विचारलं.

"हे."

"तेरा वर्षं तू हे करायचीस?"

"दिवसाला दोनशे बोर्ड."

 नंदकुमारांनी स्क्रूंची रिकामी वाटी उचलून आत नेली. सुनंदाने मिहिरला फोन लावला. चार घंट्या वाजल्या, पाचव्या घंटेला त्याने उचलला.

"मिहिर, टीव्ही लागला."

"काय? अरे वा. पण आई, ऑर्डर कॅन्सल नाही होणार गं आता. निघाले असतील ते."

"ते असू दे. ऐक ना. मी म्हटलं होतं बघ सकाळी—"

"होतं गं असं कधी कधी. बंद पडलेला आपोआप चालू होतो. दोन दिवसांनी परत जाईल, बघ तू. मी मीटिंगमध्ये आहे आई, संध्याकाळी बोलू. जुना देऊन टाक हां त्यांना."

"आपोआप नाही रे," सुनंदा म्हणाली. पण फोन तोवर ठेवला गेला होता.

तिने मोबाइल टेबलावर ठेवला. भेंडी संपून आता कसलीशी जाहिरात लागली होती. नंदकुमार स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ठेवून घेऊ या का हा?" ते म्हणाले. "आतल्या खोलीत राहील."

"आतल्या खोलीत कपाट उघडायला जागा नाही, हा कुठे ठेवणार? आणि एक्सचेंजमध्ये टाकलाय त्याने. त्याला तोंडघशी कशाला पाडायचं?" ती पुढे म्हणाली, "लागला ना, झालं."

पण झालं नव्हतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. ती जेवायला वाढायला आत गेली. पानावर बसली, पण भात दोन घासांच्या पुढे गेला नाही.

पावणेपाचला बेल वाजली. दोन माणसं होती. एकाच्या पाठीवर नव्या टीव्हीचं खोकं, दुसऱ्याच्या हातात कागद लावलेली पाटी आणि खिशावर नावाची पट्टी, सहदेव. सहदेवने आत येऊन चालू टीव्हीकडे बघितलं, हातातल्या कागदाकडे बघितलं आणि पुन्हा टीव्हीकडे.

"हाच द्यायचाय ना? आमच्याकडे तर बंद लिहिलाय."

"बंद होता," सुनंदा म्हणाली. "आता चालू आहे. चालू लिहा."

"काकी, काही फरक नाही पडत. पैसे तेवढेच. हे सगळं भिवंडीच्या गोडाउनला जातं, तिथे फोडूनच टाकतात."

"फोडा. पण चालू लिहा."

सहदेव हसला. दिवसभरात त्याला नाना तऱ्हेची माणसं भेटत असणार. त्याने बंदवर काट मारली आणि चालू लिहिलं. मग पेन कानामागे न ठेवता तसंच हातात धरून तो म्हणाला, "मग रिपेअर कोणी केला तेही लिहावं लागतं. नाहीतर वरचे मला विचारणार, की टीव्ही बदलला का म्हणून. मेकॅनिकचं नाव काय?"

सुनंदाच्या तोंडून शब्द निघेना. सकाळपासून जे सांगायला ती धडपडत होती ते कुणीतरी सरळ विचारलं होतं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

सहदेवने नंदकुमारांकडे बघितलं. "तुम्ही केलात का काका? तुमचं नाव टाकू?"

"मी बॅटरी धरली होती," नंदकुमार म्हणाले. ते खुर्चीतून उठून पुढे आले. "हिने केला. माझी बायको. लिहा, सुनंदा परब."

"काकींनी?" सहदेवने वर बघितलं. "कुठे शिकल्या?"

"शिकल्या नाहीत, शिकवायच्या. अंधेरीला टीव्हीच्या कंपनीत होती. टच-अपला." नंदकुमार सुनंदाकडे न बघता, त्या परक्या माणसाला एकेक शब्द सावकाश सांगत होते. "पॅकिंगला नव्हे. टच-अपला. लिहा ते."

"एवढं लिहायला जागा नाही काका."

"बाजूला लिहा. बारीक अक्षरात लिहा."

सहदेवने लिहिलं. दुसऱ्या माणसाने तोवर नव्या टीव्हीचं खोकं भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि जुन्याची वायर गुंडाळायला घेतली होती. सुनंदाने सहीच्या जागी सही केली आणि कागद परत देताना एकदा वाचला. अक्षर वेडंवाकडं होतं, टच-अपचं टचप झालं होतं, पण नाव बरोबर होतं.

"याची कॉपी मिळेल का?" तिने विचारलं. "मुलाला दाखवायची होती."

"नाही काकी, एकच असते. टीव्हीबरोबर जाते." सहदेवने कागद पाटीतून काढला आणि टीव्हीच्या पाठीवर चिकटपट्टीने लावून टाकला. "इथून निघालो की टीव्हीही आमचा आणि कागदही."

दोघांनी टीव्ही उचलला आणि ते जिना उतरले. सुनंदा गॅलरीत येऊन उभी राहिली. खाली टेम्पोत एक फ्रिज, दोन वॉशिंग मशीन आणि भिंतीला लावल्यासारखे ओळीने टीव्ही उभे होते. त्यांनी हा शेवटी ठेवला, पाठ रस्त्याकडे करून, आणि दोरी बांधली. पांढरा कागद वरून स्पष्ट दिसत होता. त्याचं खालचं टोक नीट चिकटलं नव्हतं, ते वाऱ्याने हलत होतं.

"सुनंदा," आतून नंदकुमारांची हाक आली, "हे खोकं कुठल्या बाजूने उघडायचं गं?"

"आले," ती म्हणाली, आणि टेम्पो नाहूरच्या पुलाकडे वळेपर्यंत तिथेच उभी राहिली.